विचारलं म्हणून द्यायचं नसतं

अगं, नवा फोन घेतलास, कव्हर चढवलंस, काच लावून घेतलीस. छान केलंस. आता जरा आत डोकाव. गाडी अंधेरीच्या प्लॅटफॉर्मला लागत असताना एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने 'अलाऊ, अलाऊ, अलाऊ', हे तुझं चालतं ते मला ठाऊक आहे. ताईचंही, म्हणजे तुझ्या आईचंही, तेच. तिला तर गाडीसुद्धा पकडायची नसते.

म्हणून हे लिहून ठेवलंय. एका दमात वाचायचं नाही. फोन हातात धरायचा आणि एकेक मुद्दा करून बघत पुढे जायचं. आपल्या घरात सगळ्यांकडे अँड्रॉइड आहे, म्हणून नावं त्यातली दिली आहेत. सॅमसंग, शाओमी, विवो, प्रत्येकाच्या मेनूत शब्द थोडे इकडेतिकडे सापडतील, गोष्ट तीच.

१. ॲपने काही मागितलं की अंगठा आवर आणि स्वतःला विचार, 'हे न देता माझं काम होतंय का?' – बहुतेक वेळा होतं. दोनदा नाही म्हणालीस की ते पुन्हा विचारत नाही, पण अडलंच तर सेटिंगमध्ये जाऊन कधीही देता येतं.

२. 'ॲप वापरताना', 'फक्त या वेळी', 'अनुमती देऊ नका' अशा तीन ओळी दिसल्या आणि मन डळमळलं, तर मधली दाब – ॲप बंद केल्यावर थोड्या वेळात ती परवानगी आपोआप जाते, तुला लक्षात ठेवावं लागत नाही.

३. उघडल्या-उघडल्या कॅमेरा, माइक, कॉन्टॅक्ट, सगळं एकदम मागणारं ॲप असेल तर तिथेच सावध हो – नीट बनवलेलं ॲप तू स्कॅनचं बटण दाबल्यावरच कॅमेरा मागतं.

४. मागणी आणि काम यांचा मेळ बसतो का ते बघ. फोटोला फुलांची चौकट लावणाऱ्या ॲपला तुझे मेसेज कशाला हवेत – याचं उत्तर तुला सुचत नसेल, तर ते देणाऱ्यालाही सुचणार नाही.

घाईत अलाऊ, निवांत रडू.

हे विचारणं तरी आता सुरू झालंय, बरं का. २०१५ मध्ये अँड्रॉइडची सहावी आवृत्ती, मार्शमेलो, आली तोवर ॲप घेतानाच एक लांबलचक यादी समोर यायची. सगळं मान्य असेल तर घ्या, नाहीतर सोडा. त्या काळात टॉर्चचं एक अगदी साधं ॲप जगभर कोट्यवधी फोनांत होतं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या ॲपवाल्यांना पकडलं, कारण उजेड पाडण्याच्या नावाखाली ते लोकांचं लोकेशन आणि फोनची ओळख जाहिरातवाल्यांना पुरवत होते. नकार द्यायचं बटण होतं, पण वापरणाऱ्याने ते दाबायच्या आधीच माहिती निघालेली असायची. टॉर्च आता फोनमध्येच असतो. तरी टॉर्चचं वेगळं ॲप ठेवणारे लोक मला अजून भेटतात.

आता लोकेशन. इथे दोन्हीकडची टोकं गाठणारे आपल्याच घरात आहेत.

५. लोकेशन सरसकट बंद करून शहाणपणा मिरवू नकोस – २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपवरचं पेपरलेस तिकीट स्टेशनात रुळांशेजारी उभं राहून काढता येत नाही, आणि तू कुठे आहेस हे कळल्याशिवाय ॲप ते ठरवणार कसं? टीसी दिसला की खिशातून फोन काढणाऱ्या महाभागांमुळे हा नियम आहे.

६. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपला 'वापरताना' एवढंच दे, 'नेहमी' नको – घाटकोपरला मेट्रोतून उतरून तू घरी पोचलीस, जेवलीस, झोपलीस, यातलं काहीच त्याला कळायची गरज नाही.

७. लोकेशन मागणाऱ्या खिडकीत वर दोन नकाशे दिसतात, एक नेमका आणि एक अंदाजाचा. हवामानाच्या ॲपसाठी अंदाजाचा निवड – मुलुंडात पाऊस आहे का एवढंच त्याला सांगायचंय, तुझी बिल्डिंग कुठली हे कळून पावसात फरक पडत नाही.

८. बेस्टची बस कुठवर आली ते चलो ॲपवर बघताना स्टॉपचं नाव टाइप केलंस तरी चालतं – सोय म्हणून लोकेशन दिलंस तर दे, पण 'वापरताना'च.

९. गावी मामाच्या फोनवर मात्र दामिनीला लोकेशन राहू दे – पुण्याच्या आयआयटीएमचं हे ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं, आणि शेतात उभा असलेला माणूस ॲप उघडून बसलेला नसतो.

यापुढचं जरा बसून वाच. कॉन्टॅक्ट.

१०. कॉन्टॅक्टची परवानगी सगळ्यात जड समज – फोन आपला, नंबर लोकांचे. ज्या बाईंकडून तू पोळ्या घेतेस, ज्या डॉक्टरांनी रात्री-अपरात्री उचलायला म्हणून स्वतःचा नंबर दिला, ज्या मैत्रिणीने नवा नंबर फक्त चौघींना सांगितला, त्या सगळ्यांच्या वतीने तू एका अंगठ्याने होकार देत असतेस, आणि त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

११. चटकन कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट, गॅलरी किंवा कॉल लॉग मागितला तर कर्जाचा विचार तिथेच सोड – ती यादी पुढे तुझ्याविरुद्ध वापरायलाच घेतलेली असते.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. मे २०२२ मध्ये इथे मालाडला एका नोकरदार माणसाने अशा कर्ज-ॲपच्या वसुलीवाल्यांच्या छळापायी जीव दिला. त्याचे विद्रूप केलेले फोटो त्याच्या ओळखीपाळखीच्या लोकांना पाठवले गेले होते. त्या लोकांचे नंबर वसुलीवाल्यांकडे कुठून आले हे तुला आता सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने अहवाल दिला होता. भारतीयांसाठी उपलब्ध असलेल्या सुमारे ११०० कर्ज-ॲपांपैकी ६०० बेकायदा निघाली होती, म्हणजे निम्म्याहून जास्त.

त्यानंतर नियम आले आणि ते तुला तोंडपाठ पाहिजेत. सप्टेंबर २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फायली, फोटो, कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉगला हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक किंवा लोकेशन एकदा वापरता येतं, तेही तुझ्या स्पष्ट संमतीने. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्ज-ॲपांना फोटो आणि कॉन्टॅक्ट मागायला बंदी केली. म्हणजे जे ॲप आजही मागतंय ते नियम मोडूनच तुझ्याकडे आलंय.

१२. कर्ज घ्यायचंच असेल तर आधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज-ॲपांची यादी बघ. १ जुलै २०२५ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे – यादीत नाव नाही, तर त्याच्याकडे हात पसरायचा नाही. आणि त्याआधी मला विचार. व्याज लावणार नाही, थोडी बोलणी मात्र खावी लागतील.

१३. डॉक्टरांशी बोलायच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले तरी नाहीच म्हण – २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नेमकं हेच उदाहरण छापलंय: सल्ल्यासाठी कॉन्टॅक्टची यादी लागत नाही, म्हणून बाईने मान्य केलं तरी तिची संमती उपचारापुरतीच धरायची. कायदा करणाऱ्यांनाही हाच दाखला सुचला म्हणजे मागणारे किती असतील बघ.

१४. परवानगी आज काढून घेतलीस म्हणून काल गेलेली यादी परत येत नाही – म्हणून कॉन्टॅक्टच्या बाबतीत नंतर बघू हे चालत नाही, पहिल्याच खिडकीत ठरवायचं.

मेसेजचं, म्हणजे एसएमएसचं, जरा वेगळं आहे.

१५. यूपीआयच्या ॲपने एसएमएस मागितला तर बिचकू नकोस – खातं जोडताना ते ॲप तुझ्याच सिममधून एक मेसेज पाठवून बघतं की हा नंबर खरंच या फोनमध्ये आहे. कॉन्टॅक्ट मात्र त्यालाही द्यायलाच हवेत असं नाही; क्यूआर स्कॅन कर किंवा नंबर टाइप कर, पैसे जातात.

१६. बँक आणि यूपीआय सोडून दुसऱ्या कोणी एसएमएस वाचायला मागितला तर नाही – तुझे ओटीपी तिथेच येतात.

१७. 'नोटिफिकेशन ॲक्सेस' नावाची वेगळी परवानगी असते, तीही बघून ठेव – मेसेज न उघडता वरच्या पट्टीत ओटीपी दिसतो ना, तो या परवानगीवाल्या ॲपलाही दिसू शकतो.

आता ज्याने आपल्या उपनगरातली बरीच खाती रिकामी केली त्याकडे येऊ. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल', हा मेसेज तुलाही आला असेल. नंतर महानगर गॅसच्या थकलेल्या बिलाच्या नावाने आले, मग वाहतुकीच्या चलनाच्या नावाने, आणि कहर म्हणजे लग्नपत्रिकेच्या नावाने. मेसेजला एक फाइल जोडलेली, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे उघडली की ॲप बसवणारी. आपल्या मुलुंडची वीज महावितरणची आणि अंधेरी-बोरिवलीकडे बहुतेक घरांत अदानीची. तरी मुलुंडातल्या माणसाला दुसऱ्याच कंपनीच्या नावाने धमकी येते आणि तो घाबरून फाइल उघडतो. पाठवणाऱ्याला आपण कुठे राहतो हेसुद्धा माहीत नसतं. ते नंतर आपणच त्याला देतो.

१८. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही, ती सख्ख्या काकांकडून आली असली तरी – काकांचा फोन आधीच गेलेला असू शकतो, आणि पुढचे मेसेज त्यांच्या नावाने दुसराच कोणी पाठवत असतो.

१९. सेटिंगच्या शोधपट्टीत 'अननोन ॲप्स' टाइप कर, जी यादी येईल त्यात व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढे बंद असलं पाहिजे – हे बंद असलं की फाइल चुकून दाबली गेली तरी फोन मध्ये पडून विचारतो.

२०. 'ॲक्सेसिबिलिटी' ही परवानगी कोणत्याही अनोळखी ॲपला द्यायची नाही – ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवावं, त्यांच्या वतीने बटणं दाबावीत, यासाठी ती केलेली आहे. लुबाडणाऱ्याच्या हाती पडली की तोही तुझा पडदा वाचतो आणि तुझ्या वतीने बटणं दाबतो.

२१. कोणी फोनवरून सांगितलं, 'मॅडम, ॲप इन्फोमध्ये जा, वर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज करा', तर तिथेच फोन ठेव – तेराव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी देऊ देत नाही. ते तीन ठिपके म्हणजे ती अडवणूक तुझ्याच हातून काढून घेण्याची युक्ती.

२२. मदत करतो म्हणून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून तुझा पडदा बघू देणारं ॲप, घ्यायला लावणाऱ्याला नमस्कार कर – एनीडेस्कबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बजावलंय. फोनवरचा साहेब, फोनमध्ये नको.

उरलेलं भराभर सांगते.

२३. गॅलरी मागितली तर 'निवडक फोटो' हा पर्याय दिसतो का बघ आणि लागेल तेवढाच फोटो दे – तुझ्या गॅलरीत आधार, पॅन, चेक, भाडेकरार सगळं पडलेलं आहे, मी पाहिलंय.

२४. आधार कोणाला पाठवायचंच तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं उतरव आणि गॅलरीतलं जुनं काढून टाक – त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, आणि ओळख पटवायच्या बहुतेक कामांना तेवढं पुरतं.

२५. रंगीबेरंगी अक्षरांसाठी कुठलाही मराठी कीबोर्ड घेऊ नकोस – कीबोर्डला परवानगी मागावी लागत नाही, तू जे टाइप करशील ते त्याच्याच हातातून जातं. चालू करताना फोन तसा इशारा देतो, आपण तो न वाचता ओके म्हणतो.

२६. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला तर माइक किंवा कॅमेरा चालू आहे. तू फोनवर बोलत नसताना दिसला तर वरून पट्टी ओढ आणि ठिपक्यावर बोट ठेव – कुठलं ॲप ते नावानिशी दिसतं. आयफोनवाल्या मैत्रिणीला सांग, तिच्याकडे नुसत्या माइकला नारिंगी असतो.

२७. फोन दुरुस्तीला टाकताना पिन चिठ्ठीवर लिहून देऊ नकोस; सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' असतो, तो लावून दे – दुकानदार कितीही भला असला तरी फोन त्याच्या टेबलावर चार हातांतून फिरतो.

२८. न लागणारी ॲपं काढून टाक, नुसती बाजूच्या पानावर ढकलू नकोस – काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन स्वतः काढून घेतो हे खरं, पण तोवरचे महिने त्या ॲपकडेच असतात.

आणि हे सगळं लक्षात कसं राहणार? त्यासाठी वेगळा दिवस काढायची गरज नाही.

२९. महिन्याचा रेल्वे पास काढशील त्याच दिवशी सेटिंगमध्ये प्रायव्हसी, तिथून परमिशन मॅनेजर उघड – तिथे ॲपाऐवजी वस्तूप्रमाणे यादी असते: माइक कोणाकोणाकडे, लोकेशन कोणाकडे, एसएमएस कोणाकडे. बोरिवलीहून चर्चगेटची धीमी पकडलीस तर दादर यायच्या आत होतं, बसायला मिळालं तर. पासाची तारीख, परमिशनची पारख.

३०. एखाद्याच ॲपचा संशय आला तर त्याच्या चित्रावर बोट दाबून धर आणि वर येणाऱ्या छोट्या 'आय'वर टेकव – दोन पावलांत त्याच्या परवानग्या समोर येतात, सेटिंगमध्ये भटकावं लागत नाही.

३१. 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' एकदा उघडून बघच – गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने किती वाजता लोकेशन घेतलं ते तिथे दिसतं. रात्री तीनला एखादं खेळाचं ॲप जागं दिसलं की मला जास्त बोलावं लागणार नाही.

३२. ताईचा फोन तपासताना 'आई, तुला काही कळत नाही' असं म्हणायचं नाही; शेजारी बसून तिच्याच बोटाने करून घ्यायचं – रागावलेल्या माणसाने आपल्याला न सांगता दाबलेलं बटण नंतर सापडत नाही.

३३. एवढं करूनही काही झालंच, तर लाजत बसू नकोस. आधी त्या फोनचं इंटरनेट बंद कर, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळव – पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तर आले, आणि त्यासाठी मिनिटं मोजावी लागतात. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते, आणि मुंबई पोलिसांच्या पाचही प्रादेशिक विभागांना स्वतःचं सायबर पोलीस ठाणं आहे. मला नंतर सांगितलंस तरी चालेल.

३४. तो १९३० नंबर ताईच्या फोनमध्ये या रविवारी तू स्वतः सेव्ह करून दे, 'सायबर पोलीस' असं मराठीत नाव घालून, आणि एक चिठ्ठी फ्रिजवर लाव – फोनच अडकला तर फोनमधला नंबर तिला बघता येणार नाही.